भाड्याचे घर की हप्त्याचे घर? स्लाऊचा एक हिशेब



गणपतीची आरती झाली आणि प्रसादाची रांग लागली की आम्हा स्लाऊकर मंडळींत दोन विषय हमखास निघतात. पहिला मुलांच्या इलेव्हन प्लस परीक्षेचा, दुसरा घराचा. "काका, भाडं भरून भरून कंटाळा आला. आता घेऊनच टाकावं का?" हा प्रश्न मला आजवर पंचवीस-तीस जणांनी तरी विचारला असेल. मी येथे १९९४ साली आलो, ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. म्हणून लोकांना वाटते, यांना कळत असावे. मलाही तसेच वाटत असे. माझे उत्तर ठरलेले होते: "अरे, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. जमेल तितक्या लवकर घर घे."

२०२५ च्या उन्हाळ्यात हेच उत्तर मी माझ्या सख्ख्या पुतण्याला दिले. त्याने ते ऐकले, आणि त्याला ते महागात पडले. त्याच्या परवानगीने ती हकीगत येथे सांगतो आहे. घर घेण्याच्या विचारात असलेल्या आपल्यातल्या अनेकांची स्थिती त्याच्यासारखीच आहे. मात्र त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

तेव्हा आणि आता

मी १९९७ साली लँगलीत तीन खोल्यांचे टेरेस घर ७६ हजार पौंडांना घेतले. माझा पगार वर्षाला २१ हजार होता. म्हणजे घराची किंमत पगाराच्या साडेतीन पटीहून थोडी जास्त. मी काही विशेष नशीबवान नव्हतो. त्या वर्षी इंग्लंडभरच घराची मधली किंमत मधल्या वार्षिक पगाराच्या सुमारे साडेतीन पट होती. सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०२४ साली हे प्रमाण ७.७ पट झाले होते. लंडन आणि त्याच्या आसपासच्या भागांत ते याहून पुष्कळ वर आहे.

स्लाऊच्या किमती चढण्याची कारणे येथे राहणाऱ्याला डोळ्यांनी दिसतात. हीथ्रो विमानतळ शेजारी, एम-फोर रस्ता दाराशी, आणि १९२० पासून चालत आलेल्या ट्रेडिंग इस्टेटमुळे गावातच रोजगार. चार ग्रामर शाळा असल्यामुळे मूल आठ वर्षांचे झाले की आईवडील येथे घर शोधू लागतात. त्यात २०२२ साली एलिझाबेथ लाइन सुरू झाली आणि स्लाऊ, लँगली व बर्नहॅम या तिन्ही स्टेशनांवरून गाडी न बदलता मध्य लंडनला जाता येऊ लागले. लंडनमध्ये न परवडणारी कुटुंबे मग पश्चिमेकडे सरकली. गावाभोवती हरित पट्टा असल्यामुळे बाहेर पसरायला जागा थोडी. म्हणून बांधकाम वरच्या दिशेने होते. हॉर्लिक्सच्या जुन्या कारखान्याच्या आवारातही आता फ्लॅट उभे आहेत.

किमतीइतकाच महत्त्वाचा आहे व्याजदर. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का इतका खाली होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर गेला. ऑगस्ट २०२४ पासून तो उतरू लागला, परंतु २०२१ ची स्वस्ताई परत आली नाही. याचा हप्त्यावर काय परिणाम होतो ते पाहा. ३० वर्षे मुदतीचे ३ लाख ६० हजार पौंडांचे कर्ज घेतले, तर २ टक्के दराने महिन्याला सुमारे १,३३० पौंड हप्ता पडतो, साडेचार टक्क्यांनी १,८२५ आणि ६ टक्क्यांनी २,१६०. घर तेच आणि कर्जही तेच. म्हणून "अमक्याने २०२१ साली घेतलं, त्याला परवडलं" ही तुलना करू नये.

भाडेकरूने काय जाणावे

नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिली एक-दोन वर्षे भाड्यानेच राहावे लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. काही नियम मात्र पाठ असावेत. वार्षिक भाडे ५० हजार पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. महिना १,७०० पौंड भाडे असेल तर ही रक्कम सुमारे १,९६० पौंड होते. डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत जमा व्हायला हवे आणि त्याचा कागद तुम्हाला मिळायला हवा. तो मागून घ्या. घरात शिरताना भिंती, गालिचा, शेगडी, न्हाणीघर यांचे तारीखवार फोटो काढून ठेवा. निघताना डाग कोणाचा यावरून जे वाद होतात, त्यात हे फोटोच कामी येतात.

आपल्या लोकांची खास अडचण अशी, की येथे पतइतिहास नाही म्हणून एजंट सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत. पुतण्याने २०२१ साली आल्या आल्या असे दहा हजारांहून अधिक पौंड मोजले होते. त्यातले निम्मे त्याच्या वडिलांनी पुण्याहून पाठवले. भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाला. त्याच्या मुख्य तरतुदींसाठी सरकारने ठरवलेली तारीख १ मे २०२६, आपला महाराष्ट्र दिन, म्हणून लक्षात ठेवायला सोपी. या तरतुदींनुसार एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडे घेता येत नाही. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा वरची बोली लावून घेता येत नाही. भाडे वर्षातून एकदाच, दोन महिन्यांची सूचना देऊन वाढवता येते आणि वाढ अवाजवी वाटली तर लवादाकडे जाता येते. कारण न सांगता घर खाली करायला लावणारी 'सेक्शन २१' ची नोटीसही या कायद्याने रद्द होते. घर विकायचे असेल किंवा मालकाला स्वतः राहायचे असेल, तर चार महिन्यांची नोटीस लागते आणि या कारणांसाठी पहिल्या वर्षात घर खाली करून घेता येत नाही. याची दुसरी बाजू अशी, की आगाऊ भाडे बंद झाल्यावर मालक जामीनदाराचा आग्रह धरणार. जामीन राहायला सांगणाऱ्याला आणि राहणाऱ्याला, दोघांनाही माझी विनंती: कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

एक सोपी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे येथे वैध व्हिसावर राहणाऱ्यांना मतदार यादीत नाव नोंदवता येते. मतदानाचा हक्क तर मिळतोच, शिवाय पत्ता पक्का झाल्यामुळे पतही सुधारते. पुढे कर्ज घेताना याचा उपयोग होतो.

घर घेताना तीन प्रश्न

पहिला प्रश्न, बँक किती देईल? साधारणपणे नवरा-बायकोच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पट. हिशेबासाठी ४ लाख पौंडांचे टेरेस घर धरू. स्लाऊत आज तीन खोल्यांचे घर पाहायला गेलात तर असाच आकडा कानावर पडतो. दहा टक्के, म्हणजे ४० हजार आपले आणि ३ लाख ६० हजार बँकेचे. त्यासाठी दोघांचे मिळून उत्पन्न ८० हजारांच्या आसपास हवे. व्हिसावर असलेल्यांना काही बँका जास्त डिपॉझिट मागतात, काही व्हिसाची मुदत किती उरली ते पाहतात. एका बँकेने नाही म्हटले म्हणून सर्वच नाही म्हणतील असे नाही.

दुसरा प्रश्न, हप्ता झेपेल का? येथे मी सर्वांना सांगतो की दर दीड टक्क्याने वाढला असे समजून हिशेब करा. हप्त्याशिवाय कौन्सिल टॅक्स, विमा, वीज, गॅस आणि दुरुस्ती आहेच. स्लाऊच्या कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये खर्च भागत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली होती आणि २०२३-२४ साठी कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढवला होता. घर घेणारा माणूस गावाच्या कर्जातही वाटेकरी होतो, हे तेव्हा आम्हाला कळले. आणि ज्यांचा व्हिसा मालकाच्या नोकरीशी बांधलेला आहे, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की नोकरी सुटली तर नवी शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नये.

तिसरा प्रश्न, हातात रोख किती लागेल? पुतण्या अडला तो येथे, आणि त्याला अडकवला मी.

कोथरूडचा फ्लॅट

चार वर्षे काटकसर करून पुतण्याने आणि सूनबाईंनी ५० हजार पौंड साठवले होते. लँगलीत ४ लाखांचे घर पसंत पडले. मी पाकिटाच्या मागे हिशेब मांडून दिला: डिपॉझिट ४० हजार, पहिलेच घर म्हणून सवलतीची स्टॅम्प ड्यूटी ५ हजार, सॉलिसिटर, सर्व्हे आणि सामानाची गाडी मिळून ४ हजार. एकूण ४९ हजार. "बसतंय रे बरोबर," मी म्हणालो. त्या रात्री आमच्याकडे श्रीखंड झाले.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. सॉलिसिटरने एक फॉर्म पाठवला होता. त्यात प्रश्न होता, "जगात कोठेही तुमच्या किंवा तुमच्या जोडीदाराच्या नावावर घर आहे का?" आणि होते. कोथरूडला २०१६ साली माझ्या भावाने फ्लॅट घेतला तेव्हा निम्मा पुतण्याच्या नावे केला, कर्जही दोघांच्या नावावर काढले, आणि पुतण्याने पाच वर्षे हप्ते भरले. त्या फ्लॅटमध्ये भाऊ-वहिनी राहतात. पुतण्याच्या डोक्यात ते 'बाबांचे घर' होते. मला तो फ्लॅट ठाऊक होता, वास्तुशांतीला मी स्वतः गेलो होतो. पण पाकिटाच्या मागे हिशेब मांडताना मला त्याची आठवण झाली नाही.

आता नियम नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडात स्टॅम्प ड्यूटी अशी आहे: किमतीच्या पहिल्या सव्वा लाखावर काही नाही, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के, त्यापुढे ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के. पहिले घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत काही नाही आणि ३ ते ५ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के. घर ५ लाखांहून महाग असेल तर सवलत मुळीच नाही. म्हणजे ४ लाखांच्या घरावर सवलत असली तर ५ हजार, नसली तर १० हजार.

पण 'पहिले घर' म्हणजे या देशातले पहिले नव्हे, जगातले पहिले. पुण्यात, साताऱ्यात, मडगावात कोठेही राहत्या घरात तुमचा हिस्सा असेल किंवा कधीकाळी होता, तर सवलत गेली. वारसाहक्काने आलेला हिस्साही यात मोजला जातो. घर दोघे मिळून घेत असतील तर दोघांचीही पाटी कोरी असावी लागते.

याच्यापुढे दुसरी पायरी आहे. नवे घर घेतल्यावर तुमच्याकडे आणखी एक घर उरत असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा अधिक असेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा अधिभार लागतो. हा दर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. नवरा-बायको येथे एकच धरले जातात, त्यामुळे येथले घर फक्त बायकोच्या नावावर घेऊन सुटका होत नाही. कोथरूडच्या फ्लॅटची किंमत आज सव्वा कोट. निम्मा हिस्सा साठ लाखांच्या वर, म्हणजे ४० हजार पौंडांच्या पलीकडे. म्हणून पुतण्याची स्टॅम्प ड्यूटी झाली १० हजार अधिक २० हजार, एकूण ३० हजार पौंड. मी सांगितली होती ५ हजार.

उरलेले २४-२५ हजार कोठून आणायचे? घर सोडावे लागले. सर्व्हे, सॉलिसिटर आणि कर्जाच्या अर्जाची फी मिळून सुमारे १,८०० पौंड गेले ते गेलेच.

पुण्याचा हिस्सा बक्षीसपत्राने वडिलांच्या नावे करून टाकावा, असेही आम्ही बोललो. घर ताब्यात येण्यापूर्वी हस्तांतर पुरे झाले तर ५ टक्क्यांचा अधिभार टळू शकतो. पहिल्या घराची सवलत मात्र एकदा गेली ती परत येत नाही. शिवाय त्या हस्तांतराला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क आहे, आणि जवळच्या नातेवाइकाला हिस्सा फुकट दिला तरी येथे तो बाजारभावाने विकला असे धरून नफ्यावर कर लागू शकतो. तेव्हा दोन्हीकडच्या जाणकाराला विचारल्याशिवाय असे पाऊल उचलू नये. "नाव फक्त सोयीपुरतं लावलंय" असे तोंडी सांगूनही भागत नाही. खरा हक्क कोणाचा, हे कागदाने दाखवावे लागते.

भावाला मी फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मी तर त्याच्या भल्यासाठीच नाव लावलं होतं रे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्यापैकी किती जणांच्या आईवडिलांनी अशाच मायेने तुमचे नाव लावले असेल, हा विचार तेव्हा मनात आला आणि हा लेख लिहायचे ठरले.

पैसे पाण्यात कोणाचे?

आता माझ्या जुन्या वाक्याकडे येतो. ३ लाख ६० हजारांच्या कर्जावर साडेचार टक्क्यांनी पहिल्या वर्षी सुमारे २१,९०० पौंड हप्त्यांत जातात. त्यातले १६,१०० निव्वळ व्याज असते. मुद्दल फिटते ते ५,८०० च्या आसपास. व्याजाचे पैसेही भाड्यासारखेच परत येत नाहीत. त्यात दुरुस्ती आणि विम्याचे वर्षाला ४ हजार धरा, आणि डिपॉझिटचे ४० हजार बँकेत असते तर चार टक्क्यांनी मिळाले असते ते १,६०० धरा. झाले २१,७००. तसेच घर भाड्याने घेतले आणि महिन्याला २,००० पौंड दिले, तर वर्षाला २४ हजार. फरक २,३०० पौंडांचा.

म्हणजे घर घेणे फायद्याचे आहे, पण सुरुवातीचा खर्च या फरकातून भरून निघायला हवा. किमती आणि भाडी आहेत तशीच राहिली असे धरले, तर सवलत मिळणाऱ्याचा ९ हजारांचा खर्च चार वर्षांत निघतो. सवलत नसलेल्याचा १४ हजारांचा सहा वर्षांत. आणि पुतण्यासारख्याचा ३४ हजारांचा निघायला जवळजवळ पंधरा वर्षे लागतात. भाडी वाढत गेली तर हा काळ कमी होईल. किमती घसरल्या तर वाढेल. किमती घसरतही असतात. १९९० च्या सुमारास घर घेतलेल्या माझ्या एका शेजाऱ्याचे कर्ज कित्येक वर्षे घराच्या किमतीपेक्षा जास्त होते, आणि त्याला हलताही येत नव्हते.

म्हणून मी आता "घे" किंवा "घेऊ नको" असे सांगत नाही. मी विचारतो, "येथे किती वर्षं राहणार?" तीन वर्षांत परत जायचे असेल किंवा नोकरी मँचेस्टरला जाण्याचा संभव असेल, तर भाड्यात कसलेही नुकसान नाही. दहा वर्षे राहायचे पक्के असेल आणि पाटी कोरी असेल, तर घर जरूर घ्यावे.

टेरेस परवडत नाही म्हणून फ्लॅटकडे वळणाऱ्यांना एक सूचना. फ्लॅट बहुधा लीजहोल्ड असतो. लीजची किती वर्षे उरली आहेत ते पाहा. ८० पेक्षा कमी असतील तर फार सावध राहा. सर्व्हिस चार्ज मागील तीन वर्षांत किती वाढला, त्याचे कागद मागा. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट नसते, जुन्यांवर असू शकते. २०१७ च्या ग्रेनफेल आगीनंतर उंच इमारतींच्या बाह्य आवरणाचा प्रश्न निघाला. त्याचे प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्ज नाकारू शकते.

घर पाहायला जाण्यापूर्वी

कात्रण करून फ्रिजवर लावण्यासाठी थोडक्यात देतो:

१. भारतात तुमच्या आणि जोडीदाराच्या नावावर काय काय आहे, याची यादी करा. आईवडिलांना फोन करून विचारा. गावचे घर, वाटणी न झालेला वाडा, सोसायटीतला हिस्सा, सर्व लिहा.

२. ही यादी ऑफर देण्यापूर्वी सॉलिसिटरला दाखवा आणि स्टॅम्प ड्यूटीचा आकडा लेखी घ्या. यात अपवादही बरेच आहेत. ते तुम्हाला लागू होतात का, हे तोच सांगू शकेल.

३. लाइफटाइम आयसा खाते असेल तर त्यालाही 'जगात पहिले घर' हीच अट आहे आणि घर साडेचार लाखांच्या आत हवे, हे विसरू नका.

४. आईवडील पैसे पाठवणार असतील तर ते आधीच मागवा. भारतातून निवासी माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ही भेट आहे, कर्ज नव्हे, असे त्यांचे पत्र आणि पैसा कोठून आला त्याचे कागद बँक मागतेच.

५. हिशेब पाकिटाच्या मागे करू नका.

पुतण्या आणि सूनबाई अजून त्याच भाड्याच्या घरात आहेत. नात ग्रामर शाळेच्या परीक्षेची तयारी करते आहे आणि शनिवारी माझ्याकडे गणिते सोडवायला येते. गेल्या शनिवारी वहीत शेकडेवारीचा धडा होता. पुतण्या दारातून म्हणाला, "काका, हिला स्टॅम्प ड्यूटीचंच उदाहरण घाला." आम्ही घातले. तिचे उत्तर पहिल्या खेपेस बरोबर आले.